भाडेकरूचा आवाज

कुठलंही काम चार-दोन वर्षं केलं की किस्से साचतातच. बँकेतल्या माणसाकडे साचतात, शाळेतल्या बाईंकडे साचतात, दातांच्या डॉक्टरकडे तर विचारू नका! पण आमच्याकडे जेवढे साचलेत तेवढे कोणाकडे नसतील, हे मी पैजेवर सांगते. अडचण एवढीच की ते चारचौघांत सांगता येत नाहीत. हळदीकुंकवाला तर नाहीच नाही.

कारण आमचं काम. आता स्पष्टच सांगते. जंगलातली माकडं मीलनाच्या वेळी जो आवाज करतात, तो रेकॉर्ड करायचा आणि कोणत्या मानाचं माकड किती ओरडतं ते बघायचं. झालं. हसून घ्या, सगळेच हसतात. माझी आई तेवढी हसत नाही. ती नातेवाइकांना सांगते, "वृषाली फॉरेस्टमध्ये आहे," आणि लगेच विषय बदलून पापडांवर जाते.

तर लाल तोंडाच्या माकडांच्या टोळीत नरांची उतरंड पक्की असते. पहिला, दुसरा, तिसरा, असं करत तळापर्यंत. मादीशी जमलं की नर घशातून एक खरखरीत, चढत जाणारा आवाज काढतो, अख्ख्या टोळीला ऐकू जाईल असा. वरचा नर बिनधास्त ओरडतो, त्याला कोण काय करणार? खालचा ओरडला की वरचे धावत येऊन त्याला बदडतात. म्हणून सगळे धरून चालतात की तळाचा नर गपचूप उरकतो, तोंडातून ब्र काढत नाही.

आमच्या सामंत मॅडम मात्र तसं धरून चालत नाहीत. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, माझ्या पीएच.डी.च्या गाइड आहेत. तरुणपणी एकदा त्यांनी अगदी तळाच्या नराची हाक स्वतःच्या कानांनी ऐकली होती. हातात मशीन नव्हतं. त्यांनी ते एका परिषदेत सांगितलं, तर स्टेजवरचे एक बडे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हाला भास झाला असेल." अख्खा हॉल हसला. ते हसू मॅडमच्या कानातून गेलेलं नाही. डिसेंबरअखेर त्या रिटायर होणार होत्या आणि त्याआधी त्यांना जगातली एकच गोष्ट हवी होती: तळाच्या नराचा एक स्वच्छ, रेकॉर्ड केलेला आवाज.

आम्ही चौघं. मॅडम, मी, माइक-हेडफोन सांभाळणारा ग्लेन आणि जवळच्या चांदीप गावचा मोरूदादा. ग्लेन वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातला, घरची केळीची वाडी असून हा माकडांच्या मागे. मोरूदादा आमची व्हॅन चालवतो आणि डोंगरातल्या वाटा दाखवतो. माकडं त्याच्या शेतातल्या काकड्या खातात, त्यामुळे त्याचं त्यांच्यावर अजिबात प्रेम नाही. पहिल्याच दिवशी त्याने मॅडमना विचारलं होतं, "यांचं ऐकून कोनाला काय भेटनार?"

*

पहिला किस्सा नावांचा.

माकडं ओळखायची तर त्यांना नावं द्यावी लागतात. मॅडमचा नियम असा की माणसांची नावं द्यायची नाहीत, नंबर द्यायचे. न-एक, न-दोन, म-सात. आठवडाभर आम्ही प्रामाणिकपणे नंबर वापरले आणि आठवडाभर गोंधळ घातला. न-चार म्हणून मी ज्याच्याकडे बघत होते त्याला ग्लेन न-सहा म्हणत होता आणि ज्या म-सातच्या मागे आम्ही अर्धा डोंगर चढलो ती निघाली नर.

मग एके दिवशी डबा खाताना ग्लेन मला सहज म्हणाला, की तो पहिला नर अगदी तुमच्या मनवेलपाड्याच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा बसतो. पाय पसरून, दुसरीकडे बघत, पण सगळं लक्ष पार्किंगवर! झालं, तिथून गाडी सुटली. दुसरा झाला सेक्रेटरी. तिसरा खजिनदार, कारण तो गालात खाणं साठवून ठेवायचा. मग दोन-तीन साधे मेंबर. आणि सगळ्यांत शेवटचा एक होता, कानाचा तुकडा उडालेला, टोळीच्या कडेला एकटा बसणारा. फळ पडलं की आधी इकडेतिकडे बघणार, मग हात घालणार, आणि कोणी आलं की तेही ठेवून उठणार. त्याचं नाव आमच्या दोघांच्याही तोंडून एकदमच आलं. भाडेकरू.

मॅडम रागावल्या. हे शास्त्र आहे, टिंगल नाही, वगैरे ऐकवलं. आम्ही मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमधून उतरल्या उतरल्या मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "भाडेकरू दिसतोय का रे?"

*

हा किस्सा आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुजबुजत्या आवाजात सांगतात.

रविवारची दुपार. सगळ्या मनवेलपाड्यात मटण शिजून, जेवून, पंखे फुल करून लोक आडवे झाले होते. आई मावशीकडे गेली होती. माझे हेडफोन नेमके त्याच दिवशी बिघडले, आणि सोमवारी मॅडमना चेअरमनच्या सगळ्या आवाजांची तुलना करून दाखवायची होती. मी दार लावलं, खिडक्या लावल्या, लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडला आणि ऐकायला बसले. एकच आवाज पुन्हा पुन्हा. सुरुवात, चढ, शेवटची किंचाळी. थांबव, मागे घे, परत लाव. कामात माणूस बुडाला की बाहेरच्या जगाचं भान राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तासाभराने बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिर्के काका आणि त्यांच्या मागे दोन मेंबर. काका माझ्याकडे न बघता ट्यूबलाइटकडे बघत बोलत होते. म्हणाले, तसं आपल्याला कोणाच्या घरात डोकवायचं नाही, पण सोसायटीत लहान मुलं आहेत, दुपारची वेळ आहे, भिंती पातळ आहेत. मला काही कळेना. मग एकदम कळलं आणि माझे कान तापले.

घाईघाईत मी म्हणाले, "काका, ते माकड आहे हो."

काका आणखी वर, पंख्याकडे बघायला लागले. "ताई, तो कोणी का असेना."

शेवटी तिघांनाही हाताला धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं आणि व्हिडिओ लावून दाखवला. पाच मिनिटं तिघं गंभीर चेहऱ्याने बघत होते. मग काकांना रस वाटायला लागला. पुढे सरसावून त्यांनी विचारलं, हा ओरडणारा कोण? मी म्हटलं, चेअरमन. काकांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! आमच्या खऱ्या चेअरमनशी त्यांचं पाण्याच्या टाकीवरून वर्षभर बोलणं बंद आहे. दोन्ही मेंबरही खूश. मग काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि हा मागे तोंड पाडून बसलाय तो?"

दोन नंबरच्या नराचं नाव मी गिळून टाकलं आणि म्हटलं, "काका, सरबत घेणार का?"

*

आता हा माझ्या लग्नाचा. म्हणजे न झालेल्या.

माकडांत एक महिना राहिलात की तुमच्या सवयी बदलतात. त्यांच्यात एकटक बघणं म्हणजे भांडण काढणं. दात दाखवणं म्हणजे एक तर 'मी घाबरलोय' किंवा 'चावेन'. त्यामुळे आम्ही डोळ्याला डोळा भिडवत नाही, दात दाखवून हसत नाही. समोरचा अस्वस्थ वाटला तर बाजूला बघायचं आणि ओठ हलके हलके हलवायचे. म्हणजे त्याला कळतं की आपण मित्र आहोत. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण करतोय हेही कळायचं नाही.

अशात आईने डोंबिवलीचं एक स्थळ बोलावलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, आईवडील बोलायला गोड. मी साडी नेसून पोहे घेऊन बाहेर आले आणि समोर बसले. मुलगा माझ्याकडे बघून छान मोकळं हसला. सगळे दात दिसले. मला मनापासून वाईट वाटलं, बिचारा किती घाबरलाय! मी लगेच नजर बाजूला वळवली, कपाटाकडे बघितलं, आणि त्याला धीर यावा म्हणून ओठ हलवत राहिले.

मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, चहा फार गरम होता का? मुलाने काही तरी विचारलं, मी कपाटाकडे बघतच उत्तर दिलं. तो जरा जास्तच निरखून बघायला लागला तशी मी उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. माझ्या मते मी अतिशय चांगली वागले होते. ती मंडळी "कळवतो" म्हणून गेली आणि आईने दार लावून जे सुरू केलं ते जेवणापर्यंत संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. मॅडम गंभीर झाल्या. "त्याने आधी दात दाखवले?" मी हो म्हटलं. "तू काही न करता?" हो म्हटलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग कशाला घालवलंस गं? जन्मभर दबून राहिला असता."

*

ग्लेनचा किस्सा त्याच्या चुलतभावाच्या लग्नातला.

टोळीत कोण वर आणि कोण खाली हे मारामारीवरून नाही, जागेवरून कळतं. एखादं माकड जवळ आलं आणि बसलेलं उठून गेलं, तर येणारं वरचं, उठणारं खालचं. एवढंच. दिवसभर हे टिपत राहिलं की आपोआप उतरंड तयार होते. आणि एकदा हे डोळ्यांत भरलं की माणसांतही तेच दिसायला लागतं, थांबवता येत नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गावात मांडव घातलेला, बँड आलेला, खुर्च्या कमी आणि पाहुणे जास्त. ग्लेन एका कोपऱ्यात ताटली घेऊन बसला आणि त्याच्या डोक्यात आपोआप मोजणी सुरू झाली. कोण आलं की कोण उठतंय. त्याला वाटलं होतं की फादर पहिल्या नंबरवर येणार. आलेही, बराच वेळ होते. कोणीही त्यांच्यासाठी उठत होतं. मग त्याची मोठी आत्या आली, काठी टेकत, मेहुण्यांवर ओरडत. फादर उठले! त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. आत्या "थँक्यू" सुद्धा न म्हणता बसली.

इथपर्यंत ठीक. पण मग ग्लेनला तळाचा नंबर शोधायची घाई झाली. एक मनुष्य सगळ्यांसाठी उठत होता. काकांसाठी उठला, वाजंत्र्यांसाठी उठला, कॅटररच्या माणसासाठी उठला. शेवटी एक पोरगं आइस्क्रीम खात आलं, तर त्याच्यासाठीही उठला, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. ग्लेनला गहिवरून आलं. तो जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अख्ख्या मांडवात तू सगळ्यांत खालचा आहेस रे."

नवरदेव म्हणाला, "माहितीये. उद्यापासून तर ऑफिशियल आहे."

*

आमचं काम चालतं त्या सातिवलीच्या मागच्या डोंगरात रविवारी सहलीला लोक येतात. आम्ही दगडावर दबा धरून बसलेलो असलो की येऊन विचारतात, वाघ आहे का? नाही म्हटलं की निघून जातात. मॅडमना मात्र खोटं बोलता येत नाही. कोणी नीट विचारलं तर त्या नीट सगळं सांगतात, वर्गात सांगतात तसं, त्यातले शब्द न गाळता. मग बायका पोरांचे कान झाकून त्यांना ओढत नेतात.

एकदा विरारचं एक कुटुंब आलं. सूनबाईने ऐकलं आणि दोन्ही मुलांना घेऊन ओढ्याकडे पळाली. तिचे सासरे, सगळे त्यांना नाना म्हणत होते, ते मात्र थांबले. कुठल्याशा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, डोक्यावर टोपी, हातात थर्मास. त्यांनी मॅडमची परवानगी काढून शेजारच्या दगडावर बैठक मारली.

मग जे सुरू झालं! चेअरमन आला की नाना थोडे सरळ बसायचे. सेक्रेटरी चेअरमनच्या उवा काढायला लागला तर मान डोलवून म्हणाले, बढतीचा टाइम जवळ आलेला दिसतो. खजिनदार गालात फळ लपवून साळसूदपणे बसला, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. भाडेकरू कडेला बसलेला दिसल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. हा किती वर्षं असाच आहे, त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, आम्ही बघतोय तेव्हापासून. नानांनी थर्मास उघडून मॅडमना चहा दिला, स्वतः घेतला आणि बराच वेळ नुसते बघत बसले.

उन्हं कलली. रिक्षावाला खोळंबला होता. सूनबाई लांबूनच, इकडे न बघता ओरडली, "नाना, चला आता. एवढं काय बघताय?"

नाना म्हणाले, "ऑफिस."

*

आता हसण्यावारी न नेण्यासारखा एक. निदान तेव्हा तरी आम्ही कोणी हसलो नाही.

नोव्हेंबर संपत आला होता. माकडांचा मोसम उतरणीला लागलेला. चेअरमनचे आवाज आमच्याकडे ढीगभर, सेक्रेटरीचे भरपूर, मेंबरांचेही थोडेफार. भाडेकरूचा एकही नाही. मॅडम सकाळी व्हॅनमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहायच्या. कॉलेजात त्यांच्या निरोपसमारंभाची वर्गणी गोळा व्हायला लागली होती. एकदा मला म्हणाल्या, "कदाचित तो भासच असेल गं." तीस वर्षं ज्या बाईने ते मानलं नव्हतं ती असं म्हणाली.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी जमून आलं! भाडेकरू एका झुडपामागे, आणि त्याच्याजवळ एक मादी. हिला आम्ही टीचर म्हणायचो, कारण टोळीतली सगळी पिल्लं तिच्याभोवती बसायची. आमचा नियम होता की अशा वेळी कोणी शब्द काढायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही, सगळं हाताच्या खुणांनी. ग्लेनने माइक धरला. मी श्वास धरला. मॅडम तर दगड झाल्या होत्या.

तेवढ्यात खालून मोठ्ठ्याने संगीत सुरू झालं.

मोरूदादाने व्हॅन सावलीत घ्यायची म्हणून रिव्हर्स टाकली होती. त्याच्या व्हॅनला रिव्हर्स घेताना वाजणारी एक धून आहे, लग्नाच्या वरातीत वाजावी अशी, आणि त्याला तिचा भारी अभिमान. अख्खा डोंगर दणाणला. चेअरमन धावत आला, टीचर पळाली, आणि भाडेकरूला विनाकारण दोन थपडा बसल्या.

मॅडम मोरूदादाला रागावल्या नाहीत, नेहमीसारख्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. तेच त्याला जास्त लागलं. घरी जाताना तो पुन्हा पुन्हा आरशातून मागे बघत होता. मॅडम उतरत असताना हळूच म्हणाला, "मॅडम, माझी चूक झाली. मला कलायला पायजे होतं." मॅडमनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोरूदादाने धूनच काढून टाकली. वायर तोडून आला होता. शिवाय आता तो रिव्हर्स घेताना इंजिनही लावत नसे, आवाज होऊ नये म्हणून गाडी उतारावर मागे सोडून द्यायचा. चार दिवसांनी व्हॅन सागाच्या झाडाला लागून मागचा दिवा फुटला. तो खाली उतरला, दिव्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि आमच्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं.

*

आणि हा शेवटचा. हा मी कोणालाही सांगते, हळदीकुंकवालाही सांगते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मॅडमचा जंगलातला शेवटून दुसरा दिवस. सकाळी ऊन जरा वर आलं होतं. खालच्या मैदानात कुठल्याशा क्लासची सहल उतरली आणि वेफर्सची पाकिटं फुटायला लागली. चेअरमन निघाला. त्याच्या मागे सेक्रेटरी, खजिनदार, मेंबर, सगळं कार्यकारी मंडळ खाली गेलं. वर राहिली काही माद्या, पिल्लं आणि भाडेकरू. त्याला सवयच नव्हती बोलावल्याशिवाय कुठे जायची.

ओढ्याच्या पलीकडच्या दगडावर तो बसला होता. टीचर उठली, पिल्लांना तिथेच ठेवून चालत गेली आणि त्याच्याजवळ जाऊन थांबली. ती स्वतः गेली, हे मी दुर्बिणीतून बघितलं आहे! भाडेकरूने सवयीने जागा सोडली आणि बाजूला सरकला. ती पुन्हा त्याच्याजवळ गेली. मग मात्र तो उठला नाही.

ग्लेनचा माइक त्या दिशेला. मॅडम ग्लेनच्या अगदी शेजारी, त्याच्या खांद्याला घट्ट धरून. त्या धरण्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते, असं तो नंतर म्हणाला. दुर्बीण हलू नये म्हणून मी ती दगडाला टेकवली. आणि त्याने सुरुवात केली. आधी नुसतीच घशातली खरखर, इतकी बारीक की मला वाटलं एवढ्यावरच भागवतोय. मग आवाज चढला. आणखी चढला. आणि शेवटी त्याने मान वर करून अशी एक हाक दिली की समोरच्या डोंगरावरून ती परत आली. चेअरमनच्या ढीगभर रेकॉर्डिंगमध्ये तसली एक नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.

खालून कार्यकारी मंडळ धावत वर आलं. पाहतात तर काय, टीचर पिल्लाच्या उवा काढतेय. भाडेकरू लांबच्या फांदीवर बसून अतिशय मन लावून झाडाची साल सोलतोय. चेअरमनने सगळीकडे बघितलं. गुन्हेगार काही सापडेना. शेवटी तो वळला आणि मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरीच्या एक ठेवून दिली.

आम्ही व्हॅनपाशी उतरलो. मोरूदादाने डोळ्यांनीच विचारलं, ग्लेनने अंगठा दाखवला, तर तो व्हॅनला हात टेकून खालीच बसला. सातिवलीच्या नाक्यावर, गाळ्यांच्या रांगेपुढे चहाची टपरी आहे, तिथे थांबलो. मॅडम म्हणाल्या, लाव. ग्लेनने हेडफोन काढून आवाज मोठा केला. वाऱ्याचा आवाज, ओढ्याचा आवाज, मग ती खरखर, तो चढ, ती हाक. स्वच्छ! लख्ख! आता त्या बड्या गृहस्थांनी यावं आणि भास म्हणून दाखवावं. हाक संपली, अर्धा क्षण शांतता, आणि मग माइकच्या अगदी जवळून एका बाईचा आवाज आला:

"शाब्बास रे माझ्या राजा!"

आम्ही तिघंही मॅडमकडे बघायला लागलो. भाडेकरूच्या हाकेच्या नादात वर असताना ते मला किंवा ग्लेनला ऐकूच आलं नव्हतं. मॅडम बशीतला चहा फुंकत होत्या. त्यांना म्हणे काही आठवतच नव्हतं.

ग्लेन हळूच म्हणाला, तेवढं शेवटचं कापून टाकू का? मॅडमनी मान हलवली. रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. एक तुकडा कापला तर ते परिषदवाले विचारतील, आणखी काय काय कापलंत? खरंच होतं ते. पण मग दुसरी पंचाईत आली. रेकॉर्डिंगमध्ये जेवढे आवाज ऐकू येतात तेवढ्यांची माहिती भरावी लागते: आवाज कोणाचा, नर की मादी, टोळीत नंबर कितवा. भाडेकरूचं भरून झालं, पाखरांचं झालं. ग्लेन टॅबवर बोट धरून तसाच बसून राहिला.

"मॅडम, हा शेवटचा आवाज कोणाचा टाकू?"

मॅडमनी बशी खाली ठेवली आणि पदराने चष्मा पुसला.

"प्रौढ मादी," त्या म्हणाल्या.

ग्लेनने टाइप केलं. "आणि टोळीतला नंबर?"

मॅडमनी चष्मा लावला आणि डोंगराकडे बघितलं.

"अजून ठरायचाय, असं लिही."